फ्रेजल व्हर्ब पाठ आहेत, पण वाक्यात चुकतात? या चुका टाळा

'गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणे' अशी शंभर-दोनशे फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'आफ्टर' असा छोटा शब्द जोडून बनलेल्या शब्दगटांची, यादी वहीत असते. घडाघडा पाठही असते. बोलायला तोंड उघडलं की मात्र गाडी अडते. दोष स्मरणशक्तीचा नाही. यादीत क्रियापद असतं, अर्थ असतो, पण कर्म नसतं, आणि अर्थ बऱ्याचदा कर्मावरच ठरतो. 'द प्लेन टुक ऑफ' यात कर्म नाही, म्हणून अर्थ उड्डाण. 'टेक ऑफ युवर शूज' म्हणजे बूट काढ. 'टेक अ डे ऑफ' म्हणजे एक दिवस सुट्टी घे. तेव्हा वहीत 'टेक ऑफ'समोर मराठी अर्थ लिहूच नका, ही तीन वाक्यं लिहा.

सर्वनाम चुकीच्या जागी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'टर्न ऑफ द फॅन' बरोबर, 'टर्न द फॅन ऑफ' हेही बरोबर. पण 'फॅन'च्या जागी 'इट' आलं की एकच रचना उरते: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. तसंच 'पिक हिम अप', 'कॉल मी बॅक', 'थ्रो देम अवे'. इंग्रजी वाक्यात शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर जोर येतो. 'इट', 'हिम' या शब्दांवर तो सहसा नसतो, म्हणून ते मध्ये जातात आणि जोर 'ऑफ'वर, 'अप'वर पडतो.

मग 'लुक आफ्टर हिम' बरोबर कसं? कारण तिथे 'आफ्टर' हे शब्दयोगी अव्यय (प्रीपोझिशन) आहे, त्याला त्याचं नाम लगेच पुढे हवं. 'लुक फॉर इट', 'रन इन्टू हर', 'डील विथ देम' यांचंही तेच. 'आफ्टर', 'फॉर', 'इन्टू', 'विथ', 'ॲट' असेल तर सर्वनाम शेवटी. 'अप', 'आउट', 'ऑफ', 'डाउन', 'अवे', 'बॅक' असेल तर बहुधा मध्ये. 'बहुधा' म्हणायचं कारण 'गेट ऑफ द बस'. इथे 'ऑफ' शब्दयोगी आहे, म्हणून 'गेट ऑफ इट'. शंका आली की शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी उघडा. तिथे मूळ क्रियापदाखाली, सहसा नोंदीच्या शेवटी, फ्रेजल व्हर्ब दिलेले असतात. अनेक डिक्शनऱ्यांत दोन्हीकडे टोक असलेला बाण दिसतो. बाण असेल तर कर्म मध्ये येऊ शकतं.

कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नका. 'टर्न ऑफ द फॅन दॅट युवर ब्रदर बॉट' असं सरळ म्हणा.

एका मराठी क्रियापदाला एकच इंग्रजी

मराठीत दिवा, पंखा, दार, दुकान सगळं 'बंद' करता येतं. म्हणून 'क्लोज द फॅन' तोंडात येतं. विजेवर चालणाऱ्या वस्तूला 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हणा. 'फोन ठेव' म्हणजे 'कीप द फोन' नव्हे, 'हँग अप'. 'घालणे' मात्र दोन तुकड्यांत विभागलं जातं: अंगात चढवण्याची क्रिया म्हणजे 'पुट ऑन', अंगात असणं म्हणजे 'वेअर'. शर्ट घालून बसलेला माणूस 'ही इज पुटिंग ऑन अ शर्ट' म्हटल्यावर अजून बटणंच लावत असतो.

'उतरणे' तर रोजचं. बस, लोकल, विमान म्हणजे ज्यात उभं राहून चालता येतं, त्यातून 'गेट ऑफ'. कार आणि रिक्षातून 'गेट आउट ऑफ'. 'गेट डाउन फ्रॉम द बस' भारतात सगळ्यांना कळतं, बाहेर ते विचित्र वाटतं.

ओळखीचं नाम, अनोळखी क्रियापद

ब्रेकडाउन, पिकअप, बॅकअप, लॉगिन, फॉलोअप हे शब्द आपण मराठीत नाम म्हणून रोज वापरतो. त्यातूनच 'माय बाइक वॉज ब्रेकडाउन' आणि 'आय लॉगिन्ड' तयार होतात. क्रियापद वापरताना शब्द तोडा आणि काळ पहिल्या तुकड्याला लावा: 'माय बाइक ब्रोक डाउन', 'आय लॉग्ड इन', 'आय बॅक्ड अप द फाइल्स'. लिहितानाही नाम जोडून किंवा हायफनने, क्रियापद सुटं.

शेपूट जास्त, शेपूट कमी

'कोप अप विथ' नाही, 'कोप विथ'. 'डिस्कस अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस'. 'रिटर्न बॅक' आणि 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' फुकटचा. नोकरीच्या ईमेलमध्ये 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' सर्रास दिसतं. इथला 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून 'टू मीटिंग यू'.

'आय पास्ड आउट इन 2019' हे भारतात पदवीबद्दल आहे हे कळतं. परदेशातल्या मुलाखतीत समोरच्याला वाटेल, 2019 मध्ये बेशुद्ध पडला होता. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. फॉर्म ब्रिटिश वळणाने 'फिल इन', अमेरिकी वळणाने 'फिल आउट'. 'फिल अप' पेट्रोलच्या टाकीसाठी ठेवा.

ऐकताना निसटतं

'पिक इट अप' असं तीन सुट्या शब्दांत कुणी बोलत नाही. कानावर 'पिकिटप' पडतं, 'चेक इट आउट'चं 'चेकिटाउट' होतं. म्हणून प्रत्येक वाक्य जोडून, शेवटच्या तुकड्यावर जोर देऊन मोठ्याने म्हणा. स्वतः तसं बोलायला लागल्याशिवाय ते ऐकू येणं अवघडच.

पाठांतराचा क्रम

'पुट ऑफ, पुट ऑन, पुट आउट, पुट अप' एकाच दिवशी घेतले की डोक्यात खिचडी होते. क्रियापदाऐवजी प्रसंग धरा. फोनचा प्रसंग घेतला तर 'पिक अप', 'हँग अप', 'कॉल बॅक', 'होल्ड ऑन', 'गेट थ्रू', 'स्पीक अप', 'कट ऑफ' एवढे सात आठवडाभर पुरतात. कर्म घेणाऱ्या प्रत्येकाची तीन वाक्यं करा: एक नाम घालून, एक सर्वनाम घालून, एक भूतकाळात. 'आय विल कॉल द बँक बॅक. आय विल कॉल देम बॅक. आय कॉल्ड देम बॅक.' 'होल्ड ऑन', 'स्पीक अप' यांना कर्म लागत नाही, तिथे सर्वनाम घुसवू नका. आठवड्याच्या शेवटी वही झाकून फक्त सर्वनामाची वाक्यं म्हणून बघा. अडखळाल ती पुढच्या आठवड्याच्या यादीत सगळ्यात वर लिहा.