ह्युमन राइट्सच्या कामात यायचंय? खान्देशातल्या पोरापोरींसाठी थोडं अनुभवाचं

जळगाव, धुळे, शहाद्याकडची एलएलबी नाहीतर एमएसडब्ल्यू करणारी पोरं मला नेहमी विचारतात, ताई इंटरनॅशनल ह्युमन राइट्समध्ये जायचं तर दिल्ली गाठावी लागेल का, इंग्रजी फाडफाड लागतं का वगैरे. मी सांगते आधी धडगाव-अक्कलकुव्याला जा. जिनिव्हात, म्हणजे यूएनच्या मानवी हक्कांच्या कार्यालयात, जो कागद वाचला जातो तो कुठल्यातरी पाड्यावर बसून कोणीतरी लिहिलेला असतो, आणि तो तिथेच कच्चा राहिला तर वर कितीही मोठा वकील असू द्या, काही होत नाही.

आपल्याच भागातलं बघा ना. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला 1985 मध्ये वर्ल्ड बँकेने 45 कोटी डॉलर मंजूर केले होते. अक्कलकुव्यातलं मणिबेली (तेव्हा धुळे जिल्हा, नंदुरबार वेगळा झाला 1998 ला) हे बुडणाऱ्या पहिल्या गावांपैकी. कोणाची जमीन जाणार, बदल्यात कुठली मिळणार, हे लोकांनी गावोगाव विचारायला सुरुवात केली आणि ती माहिती अमेरिका, जपान, युरोपातल्या सपोर्टर संघटनांपर्यंत गेली, त्यांनी आपापल्या सरकारांच्या मागे लागून प्रेशर आणलं. जपानने 1990 मध्ये पैसा थांबवला. बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली, 1992 च्या त्या रिपोर्टने पुनर्वसनाचे वाभाडे काढले, 1993 च्या मार्चमध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं आणि त्याच वर्षी बँकेने इन्स्पेक्शन पॅनल काढलं, म्हणजे बँकेच्या प्रोजेक्टचा त्रास झालेले कुठल्याही देशातले लोक आता तिथे तक्रार करू शकतात. धरण शेवटी झालंच, पुनर्वसनाची भांडणं संपलेली नाहीत, ते कोणी लपवू नये. पण पुढे आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत लोकांनी जे दार वापरलं ते उघडण्यात आपल्या सातपुड्यातल्या माणसांचा हात आहे, मला याचा फार अभिमान वाटतो.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात मोठं कौशल्य म्हणजे जबाब नीट घेणं. समजा वनजमिनीवरची झोपडी पाडली. माय सांगते पावरीत, म्हणजे सातपुड्यातल्या आदिवासी बोलीत, आणि तारीख कधीच सांगत नाही, म्हणते भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासी बाजार) होऊन गेला होता, मोहाची फुलं अजून पडत होती. मग विचारायचं होळी झाली होती का, पोरगी शाळेत होती का सुट्टी लागली होती, त्या दिवशी घरात कोण होतं, कोणता बाजार तोंडावर होता, असं करत करत दोन-तीन दिवसांपर्यंत येता येतं. मग वनहक्क दाव्याची (कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या अर्जाची) पोच, पंचनामा, दवाखान्याचा केसपेपर, फोनमधल्या फोटोची तारीख हे सगळं शेजारी ठेवायचं. तिने डोळ्यांनी पाहिलं काय आणि ऐकलं काय हे वेगळं लिहायचं. शेवटी तिच्याच भाषेत परत वाचून दाखवायचं आणि विचारायचं, हे बाहेर पाठवू का, नाव घालू का. नाही म्हणाली तर नाही, तिथे गळ घालायची नाही, कारण उद्या त्याच गावात तिला राहायचंय.

इथे नवीन लोकांचा एक गोंधळ होतो. भारताने 1979 मध्ये नागरी-राजकीय हक्कांचा करार स्वीकारला पण त्याखालची वैयक्तिक तक्रारीची सोय स्वीकारलेली नाही, त्यामुळे 'यूएनमध्ये केस टाकू' असं गावात कोणाला सांगत फिरू नका, लोक आशेवर बसतात. स्पेशल रॅपोर्टरांना (यूएनने एकेका विषयावर नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) मात्र कोणीही माहिती पाठवू शकतं, कोर्ट संपायची वाट बघावी लागत नाही. ते सरकारला पत्र लिहितात आणि साधारण 60 दिवसांनी ते पत्र पब्लिक होतं, उत्तर आलं असेल तर तेही. दुसरं युपीआर, यूएनमध्ये होणारा प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा आढावा, भारताचा शेवटचा नोव्हेंबर 2022 मध्ये झाला. त्यात संघटनेला एकटीने लिहायचं तर 2815 शब्दांची मर्यादा. वर्षानुवर्षांचं दुखणं तेवढ्यात बसवायचं म्हणजे विशेषणं सगळी जातात, गाव, तारीख, कलम आणि मागणी एवढंच उरतं. देशात एनएचआरसीकडे, म्हणजे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे, जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत, हे डोक्यात पक्कं ठेवा.

नोकरी न करता सपोर्टर म्हणून राहायचं असेल तरी खूप करता येतं. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेचं काम 1961 मध्ये कैद्यांसाठी लिहिलेल्या साध्या लोकांच्या पत्रांवरच उभं राहिलं. पत्र सभ्य भाषेत, एक माणूस, एक मागणी, ज्याच्या हातात निर्णय आहे त्यालाच. शिव्या घातल्या तर तुरुंगात बसलेल्या माणसाला त्रास वाढतो. आणि पीडितांचे फोटो स्टेटसला टाकू नका रे, कळकळीने सांगते, लैंगिक अत्याचारात तर ओळख उघड करणं गुन्हाच आहे.

पगाराचं म्हणाल तर बहुतेक कामं प्रोजेक्टवर, वर्षाच्या करारावर. 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, परदेशी देणगीतून ॲडमिन खर्च 50 वरून 20 टक्क्यांवर आला आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालं, त्याचा मार आपल्याकडच्या छोट्या संस्थांना जास्त बसला. म्हणून वकिलीची सनद, भाषांतर, आरटीआय असं एक पोटापाण्याचं काम हातात ठेवूनच या. घरच्यांनाही आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर दर दिवाळीला तोच विषय.

सुरुवात म्हणून एनएचआरसीची ऑनलाइन इंटर्नशिप चांगली, जळगावात बसून करता येते. पण त्याच्या जोडीला पावरी किंवा भिली शिका, अहिराणी येत असेल तर कान लवकर बसतो. आणि आठवड्यातला एक दिवस एखाद्या वकिलाकडे वनहक्काच्या फायली लावायला जा, सातबारा, पोच, नकाशा कसा वाचायचा हे तिथेच कळतं.