दुखण्याला नाही, घड्याळाला विचारून उठायचं: जुन्या कंबरदुखीसाठी ऑनलाइन सीबीटी कशी घ्यावी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा मी आणि पोरानं मिळून शिलाई मशीन स्टँडसकट माडीवर चढवलं. मशीन वाचलं. कंबर मात्र तेव्हापासून कुरकुरते ती आजतागायत. मिरजेच्या वाऱ्या झाल्या, दोन एमआरआय झाले, तीन पट्टे झाले, एक लेप झाला ज्याचा वास अजून उशीला आहे. शेवटी एक डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही. एकदा मानसशास्त्रज्ञांशी बोला." मला इतका राग आला की रिपोर्टांची पिशवी तिथंच विसरून आले. म्हणजे मी काय सोंग करते?

पुढं वर्षभरानं ऑनलाइन सीबीटीची दहा सेशन घेतली. मानसशास्त्रज्ञ मॅडम पुण्याला, मी सांगलीत. कंबर आजही दुखते. पण बंद केलेली ब्लाऊजची कामं पुन्हा घेते, आणि संध्याकाळी आमराईत दोन फेऱ्या मारते. दुकानात येणाऱ्या निम्म्या बायकांचं काही ना काही दुखत असतं. त्या विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते.

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धत. दुखणं मनाचं आहे, असं ती म्हणत नाही. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. अशा दुखण्यात बऱ्याचदा मूळ इजा भरून आलेली असते, तरी मज्जासंस्था सावधच राहते, साध्या हालचालीलाही धोक्याची घंटा वाजवते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं की मेंदूकडं जाणाऱ्या वेदनेच्या निरोपावर मणक्यातच एक दरवाजा असतो, आणि मेंदूकडून येणाऱ्या निरोपांनीही तो कमीजास्त उघडतो. आम्हा सांगलीकरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. पाऊस तेवढाच असतो, पण कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले यावर आमची झोप ठरते. भीती, जागरण, चिडचिड यांनी दरवाजा वर जातो. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा माझा राग पहिल्यांदा उतरला.

फायदा किती, तेही त्यांनी आधीच सांगितलं. सत्तरच्या वर अभ्यास एकत्र तपासणारा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा २०२० चा आढावा आहे. त्यात सीबीटीनं वेदना, अडलेली कामं आणि मनाचा त्रास या तिन्हींत सरासरी थोडाच फरक पडतो असं निघालं. थोडाच, पण खरा. त्याआधी मी एका ठिकाणी 'शंभर टक्के गॅरंटी'चे पैसे भरून बसले होते, त्यामुळं हे ऐकून उलट विश्वास बसला.

सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, हे सोडू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, तापासोबत पाठदुखी, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर आधी दवाखाना. पहिल्या तीन गोष्टींत तर त्याच दिवशी. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आता माणूस शोधणं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असेल तर आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक असतो. तो सरळ मागा, मागण्यात लाज कसली? दुसरा प्रश्न: जुनाट दुखण्याचे रुग्ण पाहिलेत का? तिसरा: मराठीत बोलाल का? हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'कळ', 'ठणका', 'चमक', 'शिणवटा' हे चारही वेगवेगळे असतात, आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की मी सगळ्याला 'पेन' म्हणून मोकळी होते. फी, सेशन बुडालं तर काय, रेकॉर्डिंग होतं का, हेही पहिल्याच फोनवर विचारून घ्या. साधारण आठ ते बारा सेशन, आठवड्याला एक, पाऊण तासाच्या आसपास, असा हिशेब धरा. पैशांची सोय नसेल आणि मन फार खचलं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तिथं दहा सेशनचा अभ्यासक्रम मिळणार नाही, पण त्या रात्रीला माणूस मिळतो.

ऑनलाइनची खरी अडचण नेटवर्क नाही, घर आहे. आमचं जुनं वाड्यातलं घर, मधल्या दाराला नुसता पडदा. पहिल्या सेशनला सासूबाई पलीकडं लसूण सोलत बसल्या होत्या आणि मी तासभर "बरं आहे, बरं आहे" म्हणत राहिले. सातशे रुपये वाया. दुसऱ्या वेळेपासून दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसायला लागले. कानात हेडफोन, मोबाइल दोऱ्याच्या रिळांच्या डब्यावर उभा, डोळ्यांच्या उंचीला, नाहीतर मानच भरून येते. आणि मॅडमना आधीच सांगून ठेवलं की मी मधे उठून फेऱ्या मारीन. त्या म्हणाल्या, खुशाल मारा.

सगळ्यात कामाला आलं ते कामाचं माप. माझी जुनी रीत अशी: बरं वाटलं की लग्नसराईची अकरा ब्लाऊज एका बैठकीत उरकायची, मग तीन दिवस आडवं. मॅडमनी तीन दिवस नुसतं मोजायला लावलं. फार कळ न उठता मशीनवर किती वेळ बसता येतं? सोमवारी ४० मिनिटं, बुधवारी १५, शुक्रवारी २०. बेरीज ७५, सरासरी २५. त्यातून पाचवा हिस्सा कमी केला, राहिली २०. मग मोबाइलला २० मिनिटांचा गजर. वाजला की उठायचं, अर्धी बाही टाचणीत असली तरी. पाच मिनिटं चालायचं, मग पुन्हा बसायचं. दुखत नसलं तरी उठायचं, हे फार जड जातं. पण कळ आली म्हणून उठलं की कंबर मालकीण होते. दर आठवड्याला दोनच मिनिटं वाढवायची. २० वरून ३० वर यायला मला सव्वा महिना लागला. गिऱ्हाइकांना तारीख चार दिवस पुढची द्यायला शिकले, एकही तुटलं नाही.

दुसरं काम विचारांचं. त्यासाठी वही लागते. मी उधारीच्या वहीची मागची पानं घेतली. प्रसंग काय, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, त्या वेळी भीती दहापैकी किती, त्या वाक्याच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय, आणि मग जरा खरं वाटेल असं दुसरं वाक्य. "सगळं छान होईल" असली वाक्यं तिथं चालत नाहीत. माझं वाक्य होतं: "वाकले तर मणक्यातली गादी सरकेल आणि मी कायमची अंथरुणाला खिळेन." बाजूनं पुरावा म्हणून मी रिपोर्टातले शब्द लिहिले. विरुद्ध बाजूला लिहायला काही सुचेना. मग मॅडम म्हणाल्या, करूनच बघू.

बॉबिन, म्हणजे मशीनमधली दोऱ्याची छोटी रीळ, जमिनीवर टाकायची आणि वाकून उचलायची. पाच वर्षं मी खाली पडलेली बॉबिन पायानं ओढून घेत होते, किंवा पोरीला हाक मारत होते. आधी अंदाज लिहायचा: कळ ८, दोन दिवस झोपून. मोबाइलमधून मॅडम बघत होत्या. मी मशीनची कड धरली, गुडघे जरा मोडले आणि वाकले. बॉबिन नेमकी मशीनच्या पायडलच्या मागं घरंगळली, त्यामुळं ठरल्यापेक्षा दोन सेकंद जास्तच वाकून राहावं लागलं. कळ आली, ५ म्हणावी एवढी. उचलून बसले तेव्हा हात थरथरत होते. चहा होईपर्यंत कळ ३ वर आली आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानात होते. वहीत तो विरुद्ध पुरावा मोठ्या अक्षरात लिहिला. मग रोज पाचदा बॉबिन. हा प्रकार ताज्या दुखापतीत किंवा डॉक्टरांनी वाकायला मनाई केली असताना करू नका.

दुखणं दिवसभर मोजत बसण्याबद्दलही सांगते. पुरात आम्ही दर तासाला आयर्विन पुलाची पातळी विचारतो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. कंबरेचंही माझं तसंच चालायचं, सकाळी डोळे उघडायच्या आधी चाचपणी. आता दिवसातून एकदा, रात्री, एक आकडा. बस्स.

घरच्यांना एका सेशनला बसवा. वन्सं म्हणायच्या, "मशीनवर बसायला कंबर चालते, हळदीकुंकवाला नाही." आमचे हे उलट पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचे नाहीत. मॅडमनी सांगितलं, दोन्ही नको. "कशी आहे कंबर?" ऐवजी "आज काय काय झालं?" विचारा. यांना ते जमायला वेळ लागला.

शेवटची दोन सेशन पंधरा-पंधरा दिवसांनी घेतली, आणि त्यात एक कागद तयार केला. दुखणं उसळलं तर काय करायचं, ते डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवायचं असतं. माझा मशीनच्या खणात चिकटवलाय: दोन दिवस माप निम्म्यावर, बंद नाही. शेक. श्वास सावकाश, बाहेर सोडताना लांब. आडवं व्हायचं ते गजर लावून. तिसऱ्या दिवशी पुन्हा चढती. नवीन लक्षण दिसलं तर डॉक्टर. खाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'दिवाळीच्या आधी तीन आठवडे नवी ऑर्डर नाही.' गेल्या दिवाळीत मामेबहिणीच्या सहा ब्लाऊजसाठी ते मोडलं, आणि लक्ष्मीपूजनाला माप दहा मिनिटांवर होतं. आता तेच पेनानं गिरवून ठेवलंय.