मार्च एंडिंगला डोकं शांत ठेवायचंय? मग खाली स्टोअरला जाऊन या

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्सला माझे अकरा मार्च गेले, त्यातले पहिले चार-पाच नुसते चिडचिड करण्यात. यंदा पहिल्यांदाच क्लोजिंगला (म्हणजे वर्षाचे हिशोब बंद करायला) बसणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, सीए लोकांनी पुढं गेलं तरी चालेल.

मार्चचं टेन्शन मार्चच्या कामाचं नसतंच हो, ऑगस्टपासून कुणाच्या तरी ड्रॉवरमधे पडलेल्या बिलांचं असतं. म्हणून फेब्रुवारीतच एका वहीत (वहीच, ती टेबलावर उघडी पडलेली दिसते) कुणाकडून काय यायचंय ते लिहून काढा, स्टोअरचा स्टॉक, परचेसकडची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) न झालेली बिलं, साहेबांची प्रवासाची बिलं, पार्ट्यांची (ज्यांच्याशी देणंघेणं आहे त्यांची) बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकी बरोबर असल्याची पत्रं, सगळं. आणि मग मेल टाकून मोकळं व्हायचं नाही, उठून जायचं.

मी चार वर्षं स्टोअरच्या मामांना लाल अक्षरात 'अर्जंट' लिहून मेल करायचो, वर मॅनेजरला सीसी. सीसी टाकला की समोरचा माणूस गेलाच समजा, त्यानंतर तो फक्त नियमात बसेल तेवढंच देतो. एकदा वैतागून भांडायलाच खाली गेलो तर मामा उन्हात उभे राहून पिग आयर्नचा (ओतकामाच्या कच्च्या लोखंडाचा) ढीग अंदाजानं लिहून घेत होते. म्हटलं हे काय? तर म्हणाले, "काटा बंद आहे पंधरा दिवस, सांगू कुणाला, तू तर खाली कधी दिसतच नाहीस." वर येऊन बघतो तर काटा रिपेअरवाल्याचं जुनं बिल माझ्याच ट्रेमधे अडकलेलं, म्हणून तो येईना. दुसऱ्या दिवशी पेमेंट सोडलं, आणि तेव्हापासून स्टॉक २ एप्रिलला हातात.

तारखांचं म्हणाल तर मार्चमधे ७ ला टीडीएस (पेमेंटमधून कापलेला टॅक्स), ११ ला जीएसटीआर वन (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १५ ला अॅडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता, २० ला थ्रीबी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न). म्हणजे ७ ते २० क्लोजिंगला हात लागणार नाही हे साहेबांना आधीच सांगून टाका, नंतर सांगितलं की ते कारण वाटतं. मार्चमधे कापलेला टीडीएस भरायला मात्र ३० एप्रिलपर्यंत वेळ असतो, त्यासाठी ३१ च्या रात्री जागू नका.

सगळ्यात डोकं खातात ते पार्ट्यांचे फोन, त्यात २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी एच कलम आलं. छोट्या उद्योगांचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, मुदत उलटून ३१ मार्चला थकलेलं राहिलं तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. त्यामुळं ही यादी पेमेंटला सगळ्यात वर ठेवा. बाकीच्यांना "उद्या सोडतो" असं खोटं सांगायचं नाही, "यादी अजून पास नाही, गुरुवारी चारनंतर फोन करा" सांगायचं, आणि गुरुवारी तो फोन खरंच उचलायचा, पैसे नसले तरी. समोरच्यालाही त्याच्या कामगारांचे पगार करायचे असतात राव.

फरक सापडत नसेल तर आधी त्याला ९ नं भागा. मागं बँकेशी २,७०० चा फरक येत होता, दोन तास गेले, भागून बघितलं तर बरोबर ३००, म्हणजे आकडे उलटे पडले असण्याची शक्यता जास्त, आणि निघालं काय तर ८,५४० च्या जागी ५,८४०. फरकाच्या निम्म्या रकमेची एंट्री सापडली तर ती उलट्या बाजूला पडलीय का बघा. तरी नाही सापडलं तर टॅली बंद करा, चहा घ्या. रात्री नऊनंतर मी एंट्री करतच नाही, त्या निस्तरायला सकाळी दुप्पट वेळ जातो.

राहिलं घर. "मार्च आहे माहितीय ना" हे वाक्य घरी बोलायचं नाही, त्यांचाही मार्चच असतो, आमच्याकडं तर गेल्या वर्षी दहावी होती. मी कॅलेंडरवर २५ ते ३१ वर पेनानं काट मारून ठेवतो, ते दिवस ऑफिसचे, बाकी रविवार घरचे, आणि गॅस, लाइट बिल, आईच्या गोळ्या २४ च्या आत आणून ठेवतो.