दारावरचा ‘हो’ आणि दुसऱ्या फेरीचे पैसे

इंग्लंडमध्ये खिडक्या पुसण्याचा धंदा अजूनही दारं वाजवूनच वाढतो. गूगलवर जाहिरात दिली तर गिऱ्हाईक मिळतं, नाही असं नाही, पण एक इथे आणि दुसरं पाच मैलांवर. एकाच गल्लीतली आठ घरं हवी असतील तर कुणाला तरी संध्याकाळी त्या गल्लीत पायी फिरून बेल वाजवावी लागते. या माणसाला इथे कॅनव्हासर म्हणतात. गेल्या वर्षभरात चार-पाच मराठी मुलांनी मला एकच प्रश्न विचारला: दादा, व्हॅन घेतली, पोल (जमिनीवरूनच उंच खिडक्या धुण्याचा, पाणी सोडणारा लांब दांडा) घेतला, आता ही दारं वाजवणारी माणसं आणायची कुठून आणि त्यांना पैसे कसे द्यायचे? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी २०१७ साली रेडिंगला आलो. बायको नर्स, तिच्या नोकरीमुळे आलो. दोन वर्षं दुसऱ्याच्या व्हॅनवर काम केलं, मग स्वतःची व्हॅन घेतली. पहिली साठ घरं मी स्वतः दारं वाजवून मिळवली. तुम्हीही तसंच करा. ज्याने दोनशे दारं स्वतः वाजवली नाहीत, त्याला दुसऱ्याने वाजवलेल्या दारांचा हिशेब कळत नाही.

माझी पहिली चूक पैशांच्या पद्धतीत होती. दोन मुलं ठेवली. दर नावामागे, म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्या दर घरामागे, १० पौंड, त्याच संध्याकाळी रोख. पंधरा दिवसांत ४१ नावं आली आणि मी फार खूश झालो. नंतर व्हॅन घेऊन निघालो तेव्हा खरं कळलं. काही घरांत ‘आम्ही हो म्हटलंच नव्हतं’ असं उत्तर मिळालं. काहींनी आदल्या रात्री मेसेज करून रद्द केलं. एका आजोबांना १५ पौंडांच्या घराचा भाव ९ सांगितला होता, म्हणून ते हो म्हणाले होते. दोन महिन्यांनी दुसरी फेरी झाली तेव्हा ४१ पैकी १३ घरं उरली होती, तीही चार वेगवेगळ्या भागांत. ४१० पौंडांत १३ घरं, म्हणजे एका घराला साडेएकतीस पौंड. शिवाय दोन घरांच्या मध्ये वीस-वीस मिनिटं व्हॅन चालवायची.

त्या मुलांना मी दोष देत नाही. मी ‘नाव’ विकत घेत होतो, त्यांनी मला नावं आणून दिली. माणूस तेच आणतो ज्याचे तुम्ही पैसे देता. मला हवं होतं दुसऱ्यांदा पैसे देणारं गिऱ्हाईक. पहिल्या फेरीला लोक संकोचाने किंवा उत्सुकतेने पैसे देतात. दुसऱ्यांदा देतात तेव्हा त्यांना काम आवडलेलं असतं, भाव पटलेला असतो.

आता माझी पद्धत अशी आहे. तासाला १३ पौंड पक्के, नावं येवोत न येवोत. त्यावर सुट्टीचे १२.०७ टक्के, म्हणजे साडेचौदाच्या आसपास. हे सुट्टीचे पैसे कायद्याने द्यावेच लागतात. अनियमित तासांच्या कामगारांना ते पगारासोबतच देण्याची मुभा १ एप्रिल २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजावर्षांपासून आहे, फक्त पगारपत्रकावर वेगळे दाखवा. मग बोनस: घराने दुसऱ्या फेरीचे पैसे दिले की ८ पौंड. ज्या गल्लीत आपलं आधीच एखादं गिऱ्हाईक आहे त्या गल्लीतलं घर असेल तर ८ ऐवजी १२. या चार पौंडांनी माझा नकाशा बदलला. मुलं आपणहून विचारू लागली, ‘वुडलीत आपली कुठली घरं आहेत, तिथूनच सुरू करतो.’

हिशेब मांडून पाहा. संध्याकाळचे तीन तास म्हणजे ४४ पौंड. माझ्याकडे सरासरी चार नावं येतात, त्यातली तीन दुसऱ्या फेरीपर्यंत टिकतात. बोनस धरून एक टिकाऊ घर २३ ते २७ पौंडांना पडतं. ते घर दर आठ आठवड्यांनी १५-१६ पौंड देतं, वर्षाचे नव्वदच्या वर. पहिल्या फेरीला चौकटींवर वर्षानुवर्षांची घाण असते म्हणून भाव जास्त लावतो, तेव्हा वसुली आणखी लवकर होते. खरा फायदा मात्र घरं शेजारी-शेजारी असण्यात आहे: व्हॅन एकदा लावली की सकाळभर हलवावी लागत नाही.

‘फक्त कमिशनवर ठेवा, सेल्फ-एम्प्लॉइड दाखवा’ असा सल्ला तुम्हाला इथले जुने लोक देतील. मला दिला होता. तुम्ही भाग ठरवता, वेळ ठरवता, तुमचा टी-शर्ट घालायला लावता, बोलायचं काय ते शिकवता. मग कागदावर काहीही लिहिलं तरी तो माणूस कायद्याने कामगार ठरू शकतो. २०२१ मध्ये उबरच्या ड्रायव्हरांच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने हेच पाहिलं: कागद काय म्हणतो यापेक्षा प्रत्यक्षात काम कसं चालतं. कामगार असेल तर दर तासाला किमान वेतन आलंच. २१ किंवा त्याहून जास्त वयाच्यांना एप्रिल २०२५ पासून ते १२.२१ पौंड झालं आणि दर एप्रिलमध्ये बदलतं, तेवढी तारीख डोक्यात ठेवा. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत चालण्याचा वेळही कामाचाच वेळ.

आणि हे विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांसाठी, कारण मला मेसेज करणाऱ्यांत निम्मे तेच असतात. स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉइड काम करता येत नाही. एक पौंडाचंही नाही. पदवी किंवा त्यावरच्या कोर्सला असाल तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, आणि आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. कुणी ‘दर नावामागे रोख देतो, कागद नको’ म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका. त्याचं नुकसान पैशांत भरून येईल, तुमचा व्हिसा जाईल. घरी कर्ज काढून आलेली मुलं अशा कामात अडकलेली मी पाहिली आहेत, म्हणून इतक्या कळकळीने सांगतो. तुम्ही मालक असाल तर पहिल्या दिवसाआधी त्या मुलाकडून शेअर कोड (कामाची परवानगी ऑनलाइन तपासण्याचा कोड) घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर तपासा. परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवल्याचा दंड पहिल्या वेळेला ४५,००० पौंडांपर्यंत आहे. पहिला माणूस ठेवला की मालकाच्या जबाबदारीचा विमा सक्तीचा, किमान ५० लाख पौंडांचा. तो नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. बाकी पेरोल, पेन्शन वगैरे अकाउंटंट सांभाळेल.

माणूस निवडायचा कसा? मी मुलाखत घेत नाही. एक तास सोबत फिरतो आणि त्या तासाचे पैसे देतो. बडबडे लोक चांगले कॅनव्हासर होतात असं मला आधी वाटायचं. तसं नाही. माझी सगळ्यात चांगली कॅनव्हासर पन्नाशीतली एक इंग्लिश बाई आहे, आधी शाळेच्या जेवणघरात वाढायला होती. ती बेल वाजवते आणि दोन पावलं मागे जाते. दार उघडणाऱ्याकडे थेट तोंड करून उभी राहत नाही, थोडी कडेला वळते. आधी गळ्यातलं फोटोचं कार्ड दाखवते. मग हाताने शेजारच्या घराकडे दाखवून म्हणते, ‘गुरुवारी आम्ही १४ नंबरच्या खिडक्या करतोय, तुमच्याही करू का? पुढच्या-मागच्या मिळून १५ पौंड.’ एवढंच. भाव पहिल्याच वाक्यात. नाही म्हटलं तर ‘थँक यू’ म्हणून पुढचं घर. तीस सेकंदांत दार मिटलं तरी तिचा चेहरा पडत नाही.

हो म्हटलं की तिचं खरं काम सुरू होतं. खिशातून कार्ड काढून ती विचारते: मागच्या बागेचं फाटक कुलूपबंद असतं का? कुत्रा आहे का? कॉन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) आहे का? आदल्या रात्री मेसेज कुठल्या नंबरवर करू? फाटकाचा रकाना भरलेला असला की मी समजतो, इथे खरं बोलणं झालंय. रिकामा असला तर ते नाव मी यादीत धरतच नाही, आधी फोन करतो.

नवीन माणसाला पहिल्या दिवशी मी काचेचे दोन तुकडे दाखवतो. रेडिंगचं नळाचं पाणी चुनखडीचं, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावला तर तीनशेच्या आसपास दाखवतो. आमच्या पोलमधून येणारं पाणी आरओ आणि रेझिनमधून गाळलेलं, मीटरवर शून्य. एका काचेवर हे, दुसऱ्यावर ते ओतायचं आणि दोन्ही उन्हात ठेवायच्या. नळाच्या पाण्याची काच वाळली की पांढऱ्या ठिपक्यांनी भरते, दुसरी स्वच्छ. हे करण्याचं कारण आहे: ‘तुम्ही काच पुसतच नाही, ओली सोडून जाता’ ही या धंद्यातली सगळ्यात मोठी तक्रार, आणि पहिल्या फेरीनंतर गिऱ्हाईक जातं ते बहुतेक वेळा याच गैरसमजामुळे. कॅनव्हासरने दारातच ‘काच ओली दिसेल, तशीच वाळू द्या, डाग पडणार नाहीत’ एवढं सांगितलं की घर टिकतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस हे वेगळ्या आवाजात सांगतो.

भावाच्या बाबतीत कॅनव्हासरला मुळीच सूट नाही. प्रत्येकाकडे छापील कार्ड: दोन बेडरूमचं टेरेस (ओळीतलं, दोन्हीकडून चिकटलेलं घर) १२, तीन बेडरूमचं सेमी (एका बाजूने जोडलेलं) १५, चार बेडरूमचं डिटॅच्ड (सुटं) २०, कॉन्झर्व्हेटरीचे ५ जादा. छपराच्या पन्हाळ्या साफ करण्यासारखं मोठं काम, ४२ पौंडांच्या वरचं, दारात ठरलं तर गिऱ्हाइकाला १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो आणि तो लेखी सांगावा लागतो. म्हणून ती कामं मी कॅनव्हासरला दारात ठरवूच देत नाही, मी स्वतः बोलतो.

दोन गोष्टींवर मी त्याच दिवशी त्या कॅनव्हासरचं काम थांबवतो. दारावर ‘कोल्ड कॉलिंग नको’ची पाटी असताना बेल वाजवली तर. आणि गोंधळलेल्या, थकलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून हो म्हणवून घेतलं तर. अशा घरी कार्ड ठेवायचं आणि ‘मुलाशी-मुलीशी बोलून फोन करा’ म्हणायचं. अशा तीन घरांतून नंतर मुलींचे फोन आले, तिन्ही घरं आजही यादीत आहेत.

हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. साडेचार ते साडेसात ही वेळ, शनिवारी सकाळी दहा ते एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मग पाचलाच अंधार होतो. अंधारात अनोळखी माणसाला कुणी दार उघडत नाही, उघडूही नये. त्या काळात मी दोघी कॅनव्हासरांना आठवड्याला चार तास ठेवतो: सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांना फोन करायचे, शनिवारी उजेडात एखादी गल्ली करायची. उन्हाळ्यात राहिलेले बोनस याच महिन्यांत त्यांच्या हातात पडत राहतात. बोनसची यादी मी शुक्रवारी घर नंबरासकट पाठवतो आणि ती जेवणघरातली इंग्लिश बाई दर वेळी उलट विचारते, ‘बावीस नंबरवाल्यांनी दुसऱ्यांदा करून घेतलं का?’