ओपनटीटीडीत जुन्या भारतीय गाड्या आणताय? या चुका टाळा

ओपनटीटीडी हा वाहतूक कंपनी चालवायचा संगणक गेम. त्यासाठी भारतीय गाड्यांचा सेट, म्हणजे गेममध्ये नव्या गाड्या आणणारी फाइल, करायला घेतला की पहिल्या दोन दिवसांतच यादी फुगते. वाफेचं डब्ल्यूपी हवंच, घाटातला विजेचा खेकडा हवाच, फेअरी क्वीनशिवाय तर सेटच कसला! माझी पहिली यादी ६४ इंजिनांची होती. खेळून बघितलं तेव्हा कळलं की १९६५ साली डेपो उघडला तर समोर एकोणीस इंजिनं येतात, आणि त्यातली चौदा कुणी घेणारच नाही. आता सेटमध्ये २३ इंजिनं आहेत. जी काढली त्यांपैकी बरीच मला मनापासून आवडतात, तरीही काढली.

कापाकापी करताना एका प्रश्नाचा फार उपयोग झाला. हे इंजिन डेपोत आलं की खेळाडू कुठलं जुनं इंजिन विकायला काढेल? याचं उत्तर देता आलं नाही, तर ते इंजिन चित्र म्हणून कितीही देखणं असो, गेममध्ये त्याला काम नाही.

उदाहरण घ्या डब्ल्यूएलचं. १९५५ च्या सुमाराचं हे देखणं वाफेचं इंजिन डब्ल्यूपीचा हलका भाऊ होता. जिथे रूळ हलके होते, जास्त एक्सल-लोड (एका एक्सलवर येणारं वजन) चालत नव्हता, तिथे ते लागायचं. पण ओपनटीटीडीच्या मूळ रुळांना एक्सल-लोड नावाची गोष्टच माहीत नाही. डब्ल्यूपी कुठेही धावतं, मग डब्ल्यूएल कोण घेणार? याउलट डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी ही जोडी राहायलाच हवी. एक पॅसेंजर-एक्स्प्रेसला, दुसरं मालगाडीला. दोघांची कामं वेगळी आहेत आणि खेळाडूला ती पहिल्या पाच मिनिटांत समजतात.

गाडीचं नाव वेगळं, इंजिन वेगळं

'सेटमध्ये डेक्कन क्वीन आहे का?' हे विचारलं जातंच. त्या हौसेपोटी बरेच जण डेक्कन क्वीन नावाचं एक इंजिन बनवून मोकळे होतात. पण डेक्कन क्वीन हे इंजिन नाहीच. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक रुपेरी रंगाचा आणि त्यावर शेंदरी-लाल पट्ट्या, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. डब्यांच्या सांगाड्याखालचा भाग इंग्लंडहून आला आणि वरची बॉडी माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधली गेली. पुढे १९६६ मध्ये चेन्नईजवळच्या पेरांबूर कारखान्याचे डबे आले आणि गाडी बाराची झाली. इंजिनं तर पिढीगणिक बदलत गेली.

म्हणून तिला डब्यांच्या रूपात आणा. डबा एकच ठेवा आणि रंगाचे पर्याय रीफिटमध्ये (डेपोत डब्याचा प्रकार बदलायच्या सोयीत) द्या. पुढे तिचं सुरुवातीचं विजेचं इंजिन डब्ल्यूसीपी-१ लागलेलं असेल तर डब्याने आपोआप १९३० चा रंग घ्यावा, एवढं कोडमध्ये करता येतं. मी ते पहिल्यांदा केलं, पुणे स्टेशनच्या बाहेरच्या वळणावर रुपेरी रेक इंजिनामागून वळताना पाहिला, आणि त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही, नुसता बघत बसलो.

फेअरी क्वीनचा घोळ वेगळा आहे. ती १८५५ ची, ईस्ट इंडियन रेल्वेची, म्हणजे हावड्याकडची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीशी तिचा संबंध नाही. त्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं होती. १८५३ पासून खेळायचं असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करा.

वाफेचं इंजिन डोंगर खेचून नेतं

ही चूक जवळजवळ प्रत्येक नव्या सेटमध्ये दिसते. खेळाडू सांगतो, 'तुमचं डब्ल्यूपी घाटात चाळीस डब्यांची मालगाडी सहज ओढतंय.' तुम्ही हॉर्सपॉवर तपासता, ती बरोबर असते. चूक वजनाच्या रकान्यात असते.

ओपनटीटीडी इंजिनाचं वजन घेतो, त्याला ट्रॅक्टिव्ह एफर्टच्या (ओढण्याच्या जोराच्या) गुणकाने गुणतो, आणि तेवढी ओढण्याची ताकद धरतो. गुणक दिलाच नाही तर तो साधारण ०.३ असतो. डिझेल आणि इलेक्ट्रिकला हे ठीक आहे, कारण डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं जवळपास ११३ टन वजन सगळंच्या सगळं जोर लावणाऱ्या चाकांवर असतं. डब्ल्यूपीचं तसं नाही. टेंडर (मागची कोळसा-पाण्याची गाडी) धरून ते सुमारे १७० टन भरतं, पण जोर लावणारे एक्सल फक्त तीन. पुढची छोटी चाकं, मागची चाकं आणि अख्खा टेंडर नुसता सोबत चालतो. प्रत्यक्षात सुरुवातीचा जोर सुमारे १४ टनांचा. गेममध्ये १७० ला ०.३ ने गुणलं तर होतात ५१. साडेतीन पटींहून जास्त!

उपाय दोन. गुणक उतरवून ०.०८ च्या आसपास आणा. किंवा टेंडर वेगळा जोडभाग म्हणून द्या, म्हणजे त्याचं वजन ओढण्याच्या ताकदीत धरलं जात नाही. मग इंजिनाच्या उरलेल्या शंभरेक टनांना ०.१४ पुरतो. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण वळणावर टेंडर इंजिनापासून वेगळा वळताना दिसतो.

हे केलं की घाट खरा वाटायला लागतो. भोरघाट आणि थळघाट, दोन्हींचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. ओपनटीटीडीत गाड्यांसाठी चढाची मूळ सेटिंग ३ टक्के आहे. फार काही बदलावं लागत नाही. फक्त ट्रेन ॲक्सिलरेशन 'रिअलिस्टिक' असायला हवं, नाहीतर ही सगळी आकडेमोड वाया जाते. सेटच्या वर्णनात ही सूचना पहिल्या ओळीत लिहा.

घाट खरा झाला की खेकड्याला काम मिळतं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने घाटातल्या मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या धाटणीची ही लांब नाकांची इंजिनं आणली, पुढे त्यांचं नाव डब्ल्यूसीजी-१ झालं. वेग बेताचा, जोर भरपूर. गुणक चुकलेल्या सेटमध्ये डब्ल्यूजीच सगळं ओढतं आणि खेकडा डेपोत पडून राहतो. 'खेकडा कुणी वापरत नाही' अशी तक्रार आली तर खेकड्याला हात लावू नका, आधी वाफेची इंजिनं तपासा.

तार एक, वीज दोन

मुंबईची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने गेली, १५०० व्होल्ट डीसीवर. देशभर पुढे पसरली ती २५ किलोव्होल्ट एसी. गेमच्या मूळ इलेक्ट्रिक रुळाला हा फरक कळत नाही. त्यामुळे १९९५ नंतरच्या यादीत डब्ल्यूसीएएम-२, डब्ल्यूसीएएम-३, डब्ल्यूएपी-४, डब्ल्यूएपी-५ अशी गर्दी होते आणि दोन्ही विजांवर चालणाऱ्या डब्ल्यूसीएएमचं वैशिष्ट्यच नाहीसं होतं.

एकतर डीसी आणि एसी असे दोन वेगळे रूळप्रकार द्या, किंवा डब्ल्यूसीएएम वगळा. मधला मार्ग मी दोनदा करून पाहिला, जमला नाही.

मीटरगेजलाही हाच नियम. वायपी आणि वायजी ही मीटरगेजची वाफेची इंजिनं ब्रॉडगेजच्याच रुळावर सोडली तर ती कमी ताकदीची डब्ल्यूपी-डब्ल्यूजी ठरतात. रूळ वेगळा असेल तर मात्र मजा वेगळीच. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ कुर्डुवाडीला जीआयपीच्या ब्रॉडगेजला भेटायचा. गेममध्ये तिथे ट्रान्सफर स्टेशन करा, छोट्या गाडीतून माल उतरून मोठ्या गाडीत चढू द्या. माथेरानची गाडी दोन फुटी, बार्शीची अडीच फुटी. दोन्हींसाठी एकच नॅरोगेज रूळ ठेवला तरी मी हरकत घेणार नाही.

वेग कागदावरचा

डब्ल्यूएपी-५ हे विजेचं इंजिन १९९५ मध्ये एबीबी या कंपनीकडून आलं, वेग ताशी १६० किमी. ते जसंच्या तसं टाकलं तर १९९६ साली गेममधल्या सगळ्या एक्स्प्रेस १६० ने धावतात. खऱ्या रुळांवर नियमित १६० चा वेग गतिमान एक्स्प्रेसने गाठला, दिल्ली-आग्रा मार्गावर, २०१६ मध्ये. मधली वीस वर्षं अडली ती डब्यांमुळे, रुळांमुळे आणि सिग्नलमुळे. रूळ आणि सिग्नल आपल्या हातात नाहीत, डबे आहेत. पेरांबूरच्या आयसीएफ डब्यांना वेगमर्यादा द्या. १६० चा एलएचबी डबा (जर्मन धाटणीचा नवा डबा) २००० च्या आसपास आणा. आता खेळाडूला इंजिन आणि डबे दोन्ही बदलावे लागतात, पैसे जुळवावे लागतात. खेळाडूच्या सेटिंगमध्ये वॅगनची वेगमर्यादा बंद असेल तर यातलं काही दिसणार नाही, तेही सांगून ठेवा.

यादी मध्येच रिकामी होते

'१९७१ नंतर मालगाडीला इंजिनच मिळत नाही' अशी तक्रार आली की तारखा बघा. डब्ल्यूजीचं उत्पादन १९५० ते १९७०, शेवटचं इंजिन 'अंतिम सितारा'. मॉडेल लाइफ २० वर्षं दिलं तर बरोबरच आहे. पण डब्ल्यूडीएम-२ मागे ठेवलं असेल तर खड्डा पडणारच. ते १९६२ मध्ये अमेरिकेतून आलं, १९६४ पासून वाराणसीत बनायला लागलं. सेटमध्ये १९६२ घ्या. गेम स्वतःहून तारीख सुमारे दीड वर्षापर्यंत पुढे ढकलू शकतो, म्हणून जुनी आणि नवी पिढी किमान तीन-चार वर्षं एकत्र मिळतील असं बघा.

मॉडेल लाइफ आणि व्हेइकल लाइफ यांचीही गल्लत होते. पहिलं म्हणजे दुकानात किती वर्षं मिळेल, दुसरं म्हणजे घेतलेलं इंजिन किती वर्षं चालेल. ब्रॉडगेजवर वाफ १९९५ च्या डिसेंबरपर्यंत होती, म्हणजे डब्ल्यूजीचं उत्पादन थांबल्यावर पंचवीस वर्षं. डब्ल्यूजीचं व्हेइकल लाइफ तीसच्या वर ठेवा, खेळाडूला ती वर्षं मिळू द्या.

इंजिन काढताना एक काळजी घ्या. सेट एकदा लोकांच्या हातात गेला की कुठल्याही इंजिनाचा आयडी क्रमांक बदलू नका आणि काढलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. नाहीतर कुणाच्या तरी जपून ठेवलेल्या सेव्ह गेममध्ये डब्ल्यूपीच्या जागी मालडबा उभा राहतो. माझ्या फाइलमध्ये काढलेल्या ४१ इंजिनांचे क्रमांक अजून रिकामे आहेत.