कुठं गोळीबार झाला की आपल्या फॅन ग्रुपनं काय करायचं

डीजेवाल्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाला उभा होता, दोन स्पीकर खाली उतरवलेले, चार अजून वर, आणि आम्ही सात-आठ जण कट्ट्यावर बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो. २३ एप्रिल २०२५, बुधवार, आयपीएलची मॅच, हैदराबाद विरुद्ध मुंबई. आदल्या दिवशी पहलगामला २६ माणसं गोळ्या घालून मारलेली, त्यात महाराष्ट्रातली पण होती आणि कर्नाटकातली पण, म्हणजे आम्हा बेळगावकरांना दोन्हीकडनं आपलीच. स्क्रीन लावायचा का नाही, डीजे परत पाठवला तर ॲडव्हान्सचं काय, कुणालाच काय सुचेना. त्या दोन दिवसांत आम्ही निम्म्या गोष्टी चुकवल्या. म्हणून हे लिहितोय, ग्रुप मुंबईचा असू दे, आरसीबीचा असू दे नायतर कॅम्पातल्या मेस्सीवाल्या पोरांचा, ज्याच्या गळ्यात ॲडमिनपण पडलंय त्यानं वाचून ठेवा.

बातमी आली की पहिल्या पाच मिनिटांत ग्रुपचं सेटिंग बदला, फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल असं. पोरं शिव्या घालतील, घालू दे. आम्ही ते केलं नाही आणि रात्री नऊपर्यंत दोनशेवर मेसेज, त्यात एक व्हिडिओ पहलगामचा म्हणून आला तो कुठल्यातरी भलत्याच देशातला निघाला, तोपर्यंत तो आमच्या ग्रुपातनं खानापूर, निपाणी करून परत माझ्याच चुलतभावाकडनं मला आला. तेव्हाच एका जोडप्याचा नाचतानाचा व्हिडिओ 'मरणाआधीचा शेवटचा व्हिडिओ' म्हणून देशभर फिरत होता, नंतर ते जोडपंच समोर आलं की आम्ही जिवंत आहोत ओ, तो आमचा व्हिडिओ आहे. आणि खरा व्हिडिओ असला तर तो जास्त वाईट. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चला मशिदींत ५१ माणसं मारली तेव्हा मारणाऱ्यानं ते स्वतःच लाइव्ह दाखवलं होतं, आणि पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख कॉपी काढाव्या लागल्या. त्याला तेच पायजे होतं. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की त्या माणसाचं नाव मी कधी घेणार नाही. आपण पण हा नियम करून टाका, मारणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही, त्यानं काय लिहिलं त्याचा स्क्रीनशॉट नाही. ज्याला बघायचंय तो टीव्हीवर बघेल, आपला ग्रुप मॅचसाठी आहे.

आता महत्त्वाचं. ग्रुप बंद केल्यावर नंबरांची यादी वरनं खालपर्यंत एकदा बघा आणि स्वतःला विचारा, आज रात्री यातल्या कुणाला घराबाहेर पडायची भीती वाटत असेल?

आमच्यात वडगावचा एक पोरगा आहे, पॉवरलूमवर कामाला, मुंबईचा इतका कट्टर की टीम हरली की दोन दिवस जेवत नाही, आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन कट्ट्यावर येणार म्हणजे येणारच. त्या रात्री कुणीतरी त्याला टॅग करून लिहिलं, 'आता काय म्हणणं हाय तुमच्या लोकांचं?' खाली चार अंगठे. सव्वादहाला तो ग्रुपमधनं बाहेर. मी सकाळी बघितलं, आणि खरं सांगायचं तर फोन करायला पण मला लाज वाटली, दुपारपर्यंत केलाच नाही. मग आम्ही दोघं गाडी काढून गेलो. मागावर होता, खटखट एवढी की काय बोललेलं ऐकू येईना. त्यानं बटण बंद केलं, दोरा हातातच होता, म्हणाला, 'मी काय उत्तर देऊ, तूच सांग.' काय सांगणार? त्या २६ मधला एक तिथलाच घोडेवाला होता, मुसलमान, पर्यटकांना वाचवायला गेला आणि मारला गेला, हे आम्ही नंतर वाचलं. ते तेव्हा माहीत असतं तरी त्याला जाऊन सांगायची गरज नव्हती, आमच्यातल्या त्या टॅग करणाऱ्याला सांगायची होती.

तर काय करायचं. मेसेज नको, फोन करा, जमलं तर जाऊन या. 'तू तसला नाहीस रे' असलं काय बोलू नका, ते ऐकायला चांगलं वाटतं असं आपल्याला वाटतं, खरं त्यात बाकीचे सगळे तसलेच असं आलंच की. साधं विचारा, जेवलास का, उद्या येणार का, आम्ही घ्यायला येतो. आणि ज्यानं घाण लिहिलं त्याला ग्रुपमधनं लगेच काढू नका, काढलं की तो दुसरा ग्रुप काढतो आणि तिथं मोकळा सुटतो. त्याला बरोबर न्या. आमचा तयार नव्हता, त्याच्या काकांनी, ते गल्लीचे पंच आहेत, हाताला धरून नेला. माफी चार लोकांत लिहिलेल्याची चार लोकांतच मागायची, कोपऱ्यात नेऊन नाही. ख्राइस्टचर्चचं अजून एक सांगतो. त्या दिवशी बांगलादेशची टीम शुक्रवारच्या नमाजाला त्याच मशिदीकडं बसनं निघाली होती, कॅप्टनची प्रेस कॉन्फरन्स लांबली म्हणून पोहोचायला उशीर झाला आणि वाचली. ज्यांच्या बॅटिंगवर आपण टाळ्या मारतो ती माणसं दारात होती. मला ते वडगावच्या मागापाशी उभं असताना आठवलं.

मॅच लावायची का नाही यावर लोक फार भांडतात, माझ्या मते एकच एक उत्तर नाही. ख्राइस्टचर्चला दुसऱ्या दिवशी हॅग्ली ओव्हलवर टेस्ट सुरू होणार होती, दोन्ही बोर्डांनी रद्द केली, टीम घरी गेली, बरोबरच केलं. २६/११ नंतर इंग्लंडची टीम वनडे सिरीज अर्धी टाकून गेली, मग टेस्टला परत आली. अहमदाबाद-मुंबईच्या टेस्ट चेन्नई-मोहालीला हलवल्या आणि १५ डिसेंबर २००८ ला चेन्नईत ३८७ चा पाठलाग करून आपण जिंकलो, सचिन नाबाद १०३. मी तेव्हा दहावीत, गल्लीत शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर दारापर्यंत माणसं, सचिननं ते शतक मुंबईच्या लोकांना दिलं म्हटल्यावर एक आजोबा टोपी काढून डोळे पुसत होते, फटाके मात्र कुणी लावले नाहीत, कुणी सांगितलं पण नव्हतं. म्हणजे खेळणं पण चालतं, थांबणं पण चालतं. दुसऱ्या दिवशी आहे का तीन आठवड्यांनी, आपल्या तालुक्यातलं कुणी त्यात गेलंय का, एवढं बघा. आपल्या गावातलं माणूस गेलं असेल तर तेरावा होईपर्यंत स्क्रीन नको, विषयच संपला.

२३ तारखेला हैदराबादला बोर्डानं जे केलं ते मला पटलं, मॅच झाली, प्लेअर आणि अंपायर काळ्या पट्ट्या लावून, सुरुवातीला एक मिनिट शांतता, चीअरलीडर नाहीत, आतषबाजी नाही. आम्ही पण शेवटी तेच केलं. स्क्रीन लावला, आवाज फक्त कॉमेंट्रीचा. डीजेवाल्याला मी भीत भीत सांगितलं तर तो म्हणाला, 'राहू दे ओ, आज मलाबी वाजवायला नको वाटूलंय,' ॲडव्हान्स पुढच्या तारखेला धरला. आधीच बोलून ठेवलेलं असलं की बरं, बुकिंग करतानाच सांगा की असं काय झालं तर तारीख पुढं जाईल, पैसे बुडणार नाहीत.

शांतता पाळणं सोपं वाटतं, नाही. आमच्या एका मिनिटात विसाव्या सेकंदाला कुणाचातरी फोन वाजला, रिंगटोन लग्नातल्या बँडची, आणि तो खिशातनं काढेपर्यंत मागची पोरं हसली, हसणं आवरेना म्हणून अजून हसली. तर आधी फोन सायलेंट करायला माइकवरनं दोनदा सांगा, घड्याळ एकाच्याच हातात द्या, सुरुवात आणि शेवट शिट्टीनं, गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक पोरगा उभा करा गाड्या थांबवायला. बारक्या पोरांना का उभं राहायचंय ते दोन वाक्यांत सांगा, ती मोठ्यांपेक्षा नीट उभी राहतात. भाषण नको. आमदारकीला इच्छुक माणूस आला तर त्याला खुर्ची द्या, माइक देऊ नका.

बॅनरचं पण तेच. आपल्याकडं श्रद्धांजलीच्या बॅनरवर गेलेल्यांपेक्षा लावणाऱ्याचे फोटो मोठे असतात, खाली शुभेच्छुक म्हणून अकरा डोकी. अमेरिकेत लास वेगासला १ ऑक्टोबर २०१७ ला गाण्याच्या कार्यक्रमात गोळीबार झाला, त्यानंतर नवव्या दिवशी तिथल्या नव्याकोऱ्या आइस हॉकी टीमची घरच्या मैदानावरची पहिली मॅच. त्यांनी मैदानाच्या कडेच्या पाट्यांवरच्या सगळ्या जाहिराती काढल्या, खेळाडूंच्या बरोबरीनं पोलीस, डॉक्टर, अग्निशमनवाल्यांना मैदानात आणलं, आणि ५८ सेकंद शांत राहिले, तेव्हा गेलेल्यांचा आकडा ५८ होता, नंतर ६० झाला. जाहिराती काढायला धंदेवाल्यांना जमलं, आपल्याला चार फोटो गाळायला काय होतंय. आणि भाषेवरनं भांडण नको, तेवढ्यासाठी बॅनर फाडलेला बघायचं पाप नको. 'भावपूर्ण श्रद्धांजली' कन्नडमध्ये पण भावपूर्ण श्रद्धांजलीच आहे, फक्त लिपी बदलते, वर-खाली दोन्ही लिहा. महानगरपालिकेची परवानगी घ्या, मेणबत्ती मोर्चा असेल तर पोलीस स्टेशनला अर्ज आधी. गर्दी मोजून बोलवा. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली, ती पण आपल्यासारखीच, जर्सी घालून आलेली.

पैसे गोळा करायची घाई करू नका. स्वतःच्या नंबरावर तर अजिबात घेऊ नका, नंतर चार रुपयांसाठी नाव जातं. सरकारी निधीत ज्यानं त्यानं भरावं आणि पावती स्वतःकडं ठेवावी.

रक्तदान करा, खरं डोकं चालवून. पोरांना वाटतं आपलं रक्त काश्मीरला जाईल. तसं होत नाही, ते इथंच आपल्या गावातल्या बाळंतिणीला, नायतर हायवेवर पडलेल्या कुणाला तरी लागतं, आणि ते चांगलंच आहे. १८ वर्षं पूर्ण, वजन ४५ किलोच्या वर, पुरुषानं तीन महिन्यांतनं एकदा, बाईनं चार महिन्यांतनं एकदा. पिशवी जेमतेम पाच-सहा आठवडे टिकते, प्लेटलेट तर पाच दिवसच, म्हणून ऐंशी पोरांनी एकाच रविवारी हात पुढं केले की महिन्याभरानं सगळेच रिकामे. आधी रक्तपेढीला फोन करून विचारा किती पायजे, मग यादीचे तीन भाग करा, एक गट आत्ता, एक पुढच्या महिन्यात, एक त्याच्या पुढच्या. दुसऱ्या महिन्यात कोण येत नाही ते लिहून ठेवा, येणार नाहीतच निम्मे, बातमी जुनी झालेली असते.

बातमी जुनी झाल्यावर कुणाकुणाला झोप लागत नाही हे पण तेव्हाच कळतं. आमच्यातला एक त्याच महिन्यात काश्मीर फिरून आलेला, महिनाभर मोटारसायकलच्या फटाका सायलेन्सरला दचकायचा, आम्ही आधी चेष्टा केली. चेष्टा करू नका, १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून द्या, फुकट आहे, मराठीत पण बोलतात, कन्नडमध्ये पण. फोन लावताना शेजारी बसा, एकट्याला लावायला सांगितलं की तो लावत नाही.

लक्षात ठेवायला मोठं काय लागत नाही. अमेरिकेतच ऑर्लँडोला जून २०१६ मध्ये एका क्लबमध्ये ४९ जणांना मारलं, तिथल्या फुटबॉल टीमनं पुढच्या मॅचला ४९ व्या मिनिटाला खेळ थांबवला, आणि नवीन स्टेडियम बांधलं त्यात ४९ खुर्च्या इंद्रधनुष्याच्या रंगाच्या केल्या, प्रत्येक मॅचला दिसतात. आपलं स्टेडियम नाही, आपल्याकडं प्लॅस्टिकच्या भाड्याच्या खुर्च्या. आम्ही एक वही केली, पुठ्ठ्याची, कट्ट्यामागच्या दुकानात ठेवलेली असते. पहिल्या पानावर तारीख आणि २६, बाकी पानांवर ग्रुपमधल्या सगळ्यांचे रक्तगट. ती वही आता वडगावचाच पोरगा सांभाळतो. वही करणार असाल तर रक्तगटाशेजारी शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख पण लिहायला लावा, नुसता ग्रुप लिहून उपयोग नाही, गेल्या वेळी रात्री दोनला पाच ओ निगेटिव्हवाल्यांना उठवलं आणि त्यातल्या तिघांनी महिन्यापूर्वीच दिलेलं होतं.