एफडी आरएक्स-७ नेमकी कोणत्या व्हर्जनची? ओळखण्याची रीत

माझदा आरएक्स-७ ची तिसरी पिढी, म्हणजे एफडी३एस, डिसेंबर १९९१ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली आणि ऑगस्ट २००२ मध्ये बंद झाली. या सगळ्या काळात बाहेरचा आकार जवळजवळ तोच राहिला. उघडझाप करणारे हेडलाइट सगळ्या गाड्यांना आहेत, व्हीलबेस २४२५ मिमी आहे आणि इंजिन तेच १३बी-आरईडब्ल्यू, म्हणजे पिस्टनऐवजी दोन फिरत्या त्रिकोणी रोटरचं. मात्र पत्र्याखाली बरंच बदलत गेलं. किंमत ठरते ती या बदलांवर, आणि स्पेअर पार्ट मागवताना चूक होते तीही इथेच.

आधी नावांचा गोंधळ. जपानी लोक व्हर्जन १ ते ६ म्हणतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिकेत सिरीज ६, ७, ८ म्हणतात. सिरीज ६ म्हणजे व्हर्जन १ (डिसेंबर १९९१), २ (ऑगस्ट १९९३) आणि ३ (मार्च १९९५). सिरीज ७ म्हणजे एकटं व्हर्जन ४, जानेवारी १९९६ पासूनचं. सिरीज ८ म्हणजे व्हर्जन ५ आणि ६. व्हर्जन ५ डिसेंबर १९९८ मध्ये जाहीर झालं, म्हणून जाहिरातींत त्याला '९९ स्पेक' म्हणतात. व्हर्जन ६ ऑक्टोबर २००० चं. जाहिरातीत नुसतं 'सिक्स' लिहिलेलं असेल तर विकणाऱ्याला विचारा, सिरीज की व्हर्जन? दोन्हींत जवळपास नऊ वर्षांचं अंतर पडू शकतं.

पायरी १ : चासिस नंबर

सुरुवात इथूनच करायची, दिवे आणि बंपर नंतर. बॉनेट उघडा. इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो आणि त्याच भागात मॉडेलची पाटीही असते. जपानी बाजारातल्या गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे इतर देशांत वापरतात तो ओळख क्रमांक, नसतो. तिथे रोमन अक्षरांत एफडी३एस, मग एक रेघ आणि पुढे सहा आकडे असतात. त्या सहांतला पहिला आकडा म्हणजे व्हर्जन. १ लाखाच्या घरातला नंबर व्हर्जन १ चा, २ लाखांचा व्हर्जन २ चा, असं करत ६ लाखांचा व्हर्जन ६ चा. जपानी मोटारींत इतकी सरळ पद्धत क्वचितच सापडते.

ठोकलेले आकडे आणि पाटीवरचे आकडे जुळतात का, ते बघा. पाटी रिवेटने बसवलेली असते, त्यामुळे ती बदलता येते. ठोकलेला नंबर बदलायचा तर पत्रा कापावा लागतो आणि त्याच्या खुणा राहतात. नंबराच्या आसपास रंगाचा पोत वेगळा वाटला, सीलरची रेघ नवी दिसली किंवा घासल्याच्या रेषा असल्या, तर तिथेच थांबा. फोटोवरून खरेदी करत असाल तर नंबराचा जवळून फोटो मागा, आणि त्याच फोटोत भोवतीचा हातभर पत्राही यायला हवा.

पाटीवर एफडी३एसच्या आधी एक उपसर्ग असतो. तो जपानच्या उत्सर्जन नियमांचा आहे. व्हर्जन ४ पर्यंत एकच अक्षर, 'ई'. व्हर्जन ५ पासून 'जीएफ'. चासिस नंबर ३ लाखांचा आणि कागदावर 'जीएफ' असेल, तर कागद दुसऱ्याच गाडीचा आहे.

अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना हा नियम लागत नाही. तिथे एफडी फक्त १९९३ ते १९९५ या मॉडेल वर्षांत विकली गेली, सगळ्या डाव्या स्टिअरिंगच्या आणि सगळ्या सिरीज ६. तिथे व्हीआयएन १७ अक्षरी असतो आणि दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं : १९९३ ला पी, १९९४ ला आर, १९९५ ला एस. डाव्या स्टिअरिंगची अमेरिकी गाडी 'सिरीज ८' म्हणून विकायला असेल, तर तिच्यावर फक्त भाग सिरीज ८ चे आहेत.

पायरी २ : महिना शोधा

जपानी चासिस नंबरात उत्पादनाची तारीख लपलेली नसते. अमेरिकेत परदेशी गाडी २५ वर्षांच्या नियमाखाली, म्हणजे २५ वर्षं पूर्ण झालेली जुनी गाडी म्हणून, आणायची तर उत्पादनाचा महिना महत्त्वाचा ठरतो, आणि तिथल्या बऱ्याच मराठी मंडळींची अडचण होते ती इथेच. जपानच्या निर्यात प्रमाणपत्रावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, पण गाडी आधी बनते आणि नोंदणी नंतर होते, कधी काही महिन्यांनी. उत्पादनाच्या तारखेसाठी सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. मुळाशी शिवलेल्या लेबलवर बेल्ट बनल्याची तारीख असते. गाडी त्याआधीची असू शकत नाही, बेल्ट बदललेला नसेल तर. दोन्ही बाजूंचे बेल्ट बघा. दोन लेबलांत मोठा फरक पडला तर अपघातात बेल्ट बदलला असण्याची शक्यता धरा.

जुन्या जपानी कागदांवर साल हेइसेई युगात लिहिलेलं असतं. त्यात १९८८ मिळवा. हेइसेई ३ म्हणजे १९९१, हेइसेई ११ म्हणजे १९९९.

भारतात राहून ही गाडी आणायचा विचार असेल तर वेळ वाया घालवू नका. तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार आयात करायला इथे परवानगी नाही, आणि सर्वात तरुण एफडीसुद्धा २००२ ची आहे.

पायरी ३ : दिवे आणि बंपर

आता बाहेरून बघा. मागच्या टेललाइटमध्ये प्रत्येक बाजूला तीन गोल वर्तुळं दिसली तर दिवे सिरीज ७ किंवा ८ चे. वर्तुळं नसून एकसंध गडद पट्टी असेल तर सिरीज ६ चे. पुढे, सिरीज ८ च्या बंपरचं तोंड स्पष्टपणे मोठं आहे, थंडाव्यासाठी हवा जास्त घेतं, आणि कोपऱ्यांतला पोझिशन लॅम्प व इंडिकेटर एकाच मोठ्या दिव्यात आहेत. सिरीज ६ आणि ७ चं तोंड लहान आणि नाक जास्त गुळगुळीत. सिरीज ८ च्या वरच्या ट्रिममध्ये (ट्रिम म्हणजे एकाच व्हर्जनमधले कमी-जास्त सोयींचे प्रकार) मागची विंग कोन बदलता येणारी आहे.

हे सगळे भाग मात्र बोल्टने निघतात. सिरीज ८ चा बंपर सिरीज ६ वर बसतो, फक्त सोबत त्याचेच दिवे लागतात. तीन वर्तुळांचे टेललाइट जुन्या गाडीला लावणं ही तर या गाडीच्या मालकांची सर्वात आवडती बदली. त्यामुळे दिवे पाहून गाडीचं वय ठरवू नका. तिच्यावर काम झालं आहे की नाही, एवढंच ते सांगतात. नंबर २ लाखांचा आणि मागे तीन वर्तुळं असतील तर तीही वाईट गाडी नव्हे. मूळ दिवे मिळतील का, एवढं विचारून घ्या.

नावाच्या बिल्ल्याचाही उपयोग होतो. जपानमध्ये ही गाडी आधी माझदाच्या आँफिनी या विक्री शाखेच्या नावाने विकली जायची. ऑक्टोबर १९९७ मध्ये ती रीतसर 'माझदा आरएक्स-७' झाली. म्हणजे व्हर्जन ४ च्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात, आणि दोन्ही अस्सल असतात.

पायरी ४ : ताकद, आणि इथली मोठी फसगत

व्हर्जन १ ते ३ : २५५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). व्हर्जन ४ मॅन्युअल : २६५ पीएस, कारण ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ८ बिटवरून १६ बिटचा झाला, व्हॅक्यूमच्या नळ्यांची मांडणी सोपी झाली आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवता आला. ऑटोमॅटिक मात्र २५५ वरच राहिली. व्हर्जन ५ : २८० पीएस, ३२ किलोग्रॅम-मीटर टॉर्क. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलेली मर्यादाही २८० चीच होती.

पण व्हर्जन ५ ची प्रत्येक गाडी २८० ची नाही. २८० पीएस टाइप आर आणि आरएस या ट्रिमना मिळाले. टाइप आरबी मॅन्युअल २६५ ची आणि ऑटोमॅटिक २५५ ची. चासिस नंबर ५ लाखांचा म्हणून २८० ची किंमत मोजणारे बरेच असतात. बॉनेट उघडून हा फरक दिसत नाही, कारण नव्या टर्बोमधला बदल, म्हणजे कॉम्प्रेसरभोवतीचं झिजणारं सील, हा टर्बोच्या पोटात आहे. जपानी नोंदणीच्या कागदावर 'प्रकार निर्देश क्रमांक' आणि 'वर्गीकरण क्रमांक' असे दोन आकडे असतात. ट्रिम त्या दोन आकड्यांवरून निघते. ते मागून घ्या आणि जपानी पार्ट कॅटलॉगमध्ये शोधा.

ईसीयू विकत घेतानाही हे ध्यानात ठेवा. अ‍ॅपेक्सी कंपनीचा पॉवर एफसी हा बदली ईसीयू सिरीज ६, ७ आणि ८ साठी वेगवेगळा येतो. 'एफडीचा आहे' एवढ्यावर पैसे पाठवू नका.

पायरी ५ : ब्रेक मोजा

टेप आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) न्या. साध्या ट्रिमला १६ इंची चाकं, २२५/५०आर१६ टायर आणि पुढे २९४ मिमीची डिस्क. टाइप आरएससारख्या ट्रिमला १७ इंची चाकं, पुढे २३५/४५ आणि मागे २५५/४० टायर, आणि चारही चाकांना ३१४ मिमीची डिस्क.

व्यासातला २० मिमीचा फरक चाकाच्या आऱ्यांतून नजरेला कळत नाही. जाडी मात्र लगेच कळते. पुढची लहान डिस्क नवी असताना २२ मिमी जाड, मोठी ३२ मिमी. आऱ्यांतून व्हर्नियर घाला आणि झिजलेल्या भागावर मोजा. २० ते २२ आलं तर लहान, ३० च्या आसपास आलं तर मोठी. डिस्कच्या कडेला गंजाची उंच किनार असते, ती मोजलीत तर आकडा फसवा येतो.

मोठ्या ब्रेकवर मूळ १६ इंची चाक बसत नाही. त्यामुळे १७ इंची चाकं आणि २२ मिमीची डिस्क, असं दिसलं तर फक्त चाकं बदललेली आहेत. उलट, मोठी डिस्क आहे म्हणून गाडी व्हर्जन ५ ची ठरत नाही. आधीच्या आरझेडसारख्या खास ट्रिमलाही ती होती.

पायरी ६ : शेवटच्या खास गाड्या

स्पिरिट आर एप्रिल २००२ मध्ये आली, १५०० गाड्यांची. टाइप ए दोन सीटची, मॅन्युअल, रिकारो कंपनीच्या सीट. टाइप बी मागच्या छोट्या सीटसह मॅन्युअल, टाइप सी ऑटोमॅटिक. तिन्हींना छिद्रं पाडलेल्या डिस्क. चासिस नंबर ६ लाखांत नसेल तर ती स्पिरिट आर नाहीच. ६ लाखांत असला तरी साध्या आरबीला खास गाडीचं रूप देता येतं, म्हणून इथे कागदावरचा वर्गीकरण क्रमांक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाटीवरचा रंगाचा कोडही जुळवा. टायटॅनियम ग्रे मेटॅलिक हा स्पिरिट आरचा रंग. गाडी त्या रंगाची आणि पाटीवर दुसराच कोड असेल, तर दाराच्या चौकटीत, डिकीच्या झाकणाखाली आणि गालिच्याखालच्या पत्र्यावर जुना रंग शोधा. तो कुठे ना कुठे उरलेला असतो.

एक उरलं. इंजिन नंबर चासिसशी जुळला नाही तर लगेच घाबरू नका. रोटरी इंजिन पुन्हा बांधणं किंवा बदलणं या गाड्यांत नेहमीचं आहे. ते कोणी, कधी केलं याची पावती मागा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या आत तयार होणारा दाब, रोटरीच्या खास मापकाने तपासून घ्या. साधा पिस्टन इंजिनचा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो, आणि मेलेली बाजू त्यात दिसतच नाही.